दहा दिवसांचा एक दिवस

विधानसभेचा अध्यक्ष कसा निवडावा, यावर दिग्रसमध्ये बसून कोणी लिहीत असेल तर त्या बाईला घरात काम नसणार, असं तुमच्यापैकी निम्म्या वाचकांना वाटेल. उरलेले निम्मे माझे नातेवाईक आहेत. त्यांना ते आधीपासूनच वाटतं :)

पण हा विषय डोक्यात शिरला तो फार लांबून. आमचा भाचा न्यू जर्सीत असतो, जुन्या वाचकांना तो माहीत आहे (तोच, जो मागच्या खेपेला अंबाडीचं बी बॅगेत लपवून घेऊन गेला). त्याचा फोन रविवारचा ठरलेला. २०२५ च्या सप्टेंबरात असाच फोन आला आणि ख्यालीखुशाली व्हायच्या आधीच स्वारी म्हणाली, "मामी, आमच्या सिनेटने परवा एका मतदानात अठ्ठेचाळीस माणसं नेमली. एका मतदानात!"

मी म्हटलं, "त्यात काय एवढं? आम्ही शाळेत एका ठरावात साठ पोरं वरच्या वर्गात चढवायचो."

तो हसला नाही. मग माझ्या लक्षात आलं की पोरगं खरंच अस्वस्थ आहे. ते मला चहा गार होईपर्यंत समजावत बसलं, आणि मी इथे तुम्हाला समजावते.

तिकडची पद्धत अशी. राष्ट्राध्यक्षाने मंत्री, राजदूत, न्यायाधीश यांची नावं सुचवायची आणि सिनेटने चर्चा करून ती मंजूर करायची. ही चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर पूर्वी शंभरातले साठ सदस्य तयार असावे लागत. साठ नसतील तर विरोधक नुसते बोलत राहून काम अडवू शकत. सिनेटमधल्या सर्वांत लांब भाषणाचा विक्रम बरीच वर्षं स्ट्रॉम थर्मंड नावाच्या गृहस्थांकडे होता. १९५७ साली नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध ते २४ तास १८ मिनिटं बोलले. तो विक्रम २०२५ मध्ये कोरी बुकर यांनी २५ तास ५ मिनिटं बोलून मोडला. (आमच्याकडच्या कीर्तनकारांच्या कानावर हे घालू नका, पैज लागायची.)

तर ही साठाची अट नेमणुकांपुरती २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने काढली. हॅरी रीड त्यांचे नेते होते. विरोधक ओबामांची माणसं अडवून धरतात म्हणून साध्या बहुमताने नेमणुका करायचं ठरलं, फक्त सर्वोच्च न्यायालय तेवढं वगळलं. रिपब्लिकनांनी आरडाओरडा केला. २०१७ मध्ये रिपब्लिकनांचं राज्य आलं आणि मिच मॅक्कॉनेल यांनी ते वगळलेलं सर्वोच्च न्यायालयही आत घेतलं. मग आरडाओरडा डेमोक्रॅट्सनी केला. त्या नव्या नियमाने गॉर्सच ५४ विरुद्ध ४५, कॅव्हनॉ ५० विरुद्ध ४८ आणि बॅरेट ५२ विरुद्ध ४८ मतांनी न्यायाधीश झाले. साठाची अट असती तर तिघांनाही दार बंद होतं. बॅरेटबाईंची नेमणूक तर २०२० च्या निवडणुकीला आठ दिवस उरले असताना झाली.

हे सगळं पेपरात येऊन गेलं होतं, मला थोडंफार ठाऊकही होतं. मला नवीन होती ती पुढची गोष्ट. २०१९ मध्ये खालच्या न्यायालयांचे न्यायाधीश आणि दुय्यम पदं यांच्यासाठी, मतदानाआधी राखून ठेवलेला चर्चेचा वेळ तीस तासांवरून दोन तासांवर आणला. आणि २०२५ मध्ये (न्यायाधीश आणि बडे मंत्री सोडून) नावांचा गठ्ठा बांधून एकदम मतदान करायची सोय केली. अठ्ठेचाळीस माणसं ५१ विरुद्ध ४७ ने एका दमात पार. पुढच्याच महिन्यात १०७.

भाचा म्हणाला, "मामी, साठ की एक्कावन्न, यावर लोक बारा वर्षं भांडले. पण तीसचे दोन तास झाले तेव्हा माझ्या ऑफिसात कोणाला पत्तासुद्धा नव्हता."

मी त्याला ऐटीत सांगितलं की बाबा रे, आपल्याकडे ही भानगडच नाही. ते खरं आहे, निदान न्यायाधीशांपुरतं तरी. घटना समितीत हा प्रश्न २४ मे १९४९ ला निघाला होता. बाबासाहेबांनी त्या दिवशी दिलेलं उत्तर मी नंतर काढून वाचलं. इंग्लंडसारखं सगळं सरकारच्या मर्जीवर सोडणं त्यांना धोक्याचं वाटलं. अमेरिकेसारखी सभागृहाची मंजुरी घ्यावी, तर ते किचकट आणि नेमणुकीत राजकारण शिरायला वाट. आणि सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय पान हलू नये, ही सूचनाही त्यांनी मानली नाही; सरन्यायाधीश झाला तरी तो माणूसच, माणसाचे सगळे गुणदोष त्याच्यातही असणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी 'विचारविनिमय' हा मधला शब्द ठेवला. पुढे त्या शब्दाचा अर्थ न्यायालयाने बदलला, कॉलेजियम आलं, संसदेने २०१४ मध्ये नेमणूक आयोगाचा कायदा केला आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला. ते रामायण इथे नको. मुद्दा इतकाच की आपल्याकडे न्यायाधीशाचं नाव सभागृहापुढे येतच नाही. नेमल्यानंतर त्याच्या कामकाजातल्या वर्तनावर चर्चाही करता येत नाही, संसदेत त्याला काढायचा प्रस्ताव असेल तेवढा अपवाद.

फोन ठेवल्यावर मात्र मला एक खुर्ची आठवली. ती अर्धी न्यायाधीशाची आहे आणि ती सभागृहच भरतं. विधानसभा अध्यक्षाची.

अर्धी न्यायाधीशाची अशासाठी की पक्ष सोडलेल्या आमदाराचं पद राहणार की जाणार, हे दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अध्यक्ष ठरवतो, आणि असा निर्णय देताना तो लवादाचं काम करतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे भाच्याच्या सिनेटसारखंच झालं की! मतं मोजून न्याय करणारा माणूस बसवायचा. आणि त्या मतदानाचा नियम आपल्या महाराष्ट्रात बदलला गेला २०२१ च्या डिसेंबरात.

आठवतंय का? बहुतेकांना आठवणार नाही, तेव्हा आपण सगळे ओमिक्रॉनच्या बातम्या बघत होतो. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ ला अध्यक्षपद सोडलं. (ते २०१९ मध्ये बिनविरोध आले होते, भाजपने किसन कथोरे यांचा अर्ज मागे घेतला होता.) त्यानंतर खुर्ची रिकामी. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ गाडा ओढत होते. महाविकास आघाडीकडे बहुमत होतं, मग निवडणूक का घेत नव्हते? कारण आपल्या नियमात अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने व्हायची. आणि गुप्त मतदानात आपलीच माणसं काय करतील याची आघाडीला खात्री नव्हती. हे कोणी माईकवर बोललं नाही, पण शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मग हिवाळी अधिवेशनात (नागपूरचं अधिवेशन त्या साली मुंबईत झालं, त्याबद्दल आम्हा वैदर्भीयांचा वेगळा राग आहे, तो पुन्हा कधीतरी) नियम ६ आणि ७ बदलले. गुप्त चिठ्ठीऐवजी उघड आवाजी मतदान. निवडणुकीची तारीख मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून राज्यपालांनी ठरवायची. सरकार म्हणालं, लोकसभेत असंच होतं. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस म्हणाले, सरकारला आपल्याच आमदारांची भीती वाटते. दोघंही खरंच बोलत होते, ही त्यातली गंमत. तसं आवाजी मतदानाचं भाजपला वावडं होतं असंही नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानेच जिंकला होता, आणि तेव्हा मतं मोजा म्हणून ओरडणाऱ्यांत शिवसेना आणि काँग्रेस होती.

राज्यपाल कोश्यारी यांनी हा बदल घटनेला धरून नाही असं कळवून तारीख दिली नाही. आघाडीचे तीन मंत्री राजभवनावर विनंती करायला गेले. छगन भुजबळ, बाळासाहेब थोरात आणि एकनाथ शिंदे. हो, तेच एकनाथ शिंदे. पुढे वाचा.

भाजपचे गिरीश महाजन उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आधी दहा लाख रुपये अनामत भरायला लावली, मग ९ मार्च २०२२ ला याचिका फेटाळून ती रक्कम जप्त केली. अध्यक्ष कसा निवडला जातो याच्याशी आम जनतेचा काय संबंध, अशा अर्थाचा प्रश्नही त्या सुनावणीत न्यायालयाने विचारला होता. तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसलाय, त्याकडे येतेच.

२० जून २०२२ ला विधान परिषदेची निवडणूक झाली. ती गुप्त मतदानाने. आघाडीची मतं फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, भाजपचे पाचही उमेदवार आले. म्हणजे आघाडीला गुप्त मतदानाची जी भीती होती ती अगदी रास्त होती! त्याच रात्री शिंदे सुरतेच्या वाटेला लागले. दहा दिवसांत सरकार बदललं. आणि ३ जुलै २०२२ ला, पावणेदोन वर्षं नाही म्हटलं तरी सतरा महिने रिकामी असलेली ती खुर्ची भरली गेली, राज्यपालांनी तारीख दिली, आणि निवडणूक झाली ती नव्या नियमाने. उघड. आमदार एकेक करून उभे राहिले, मोजले गेले, राहुल नार्वेकर १६४, राजन साळवी १०७. जो नियम घटनाबाह्य म्हणून अडला होता तो दुसऱ्या सरकारच्या हाती येताच चालायला लागला. आघाडीने शिवलेला सदरा भाजप-शिंदे सरकारला अगदी मापात बसला.

(नात्यागोत्यात रस असणाऱ्या माझ्या आत्यांसाठी: त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते रामराजे नाईक-निंबाळकर, म्हणजे नार्वेकरांचे सासरे. वरच्या सभागृहात सासरे, खालच्यात जावई. चारच दिवस टिकलं, ७ जुलैला रामराजेंची मुदत संपली.)

आता न्यायालयाचा तो प्रश्न. आम जनतेचा काय संबंध? दिग्रसपुरतं सांगते. आमचे आमदार संजय राठोड हे शिंदे यांच्याबरोबर गेलेल्यांत होते. आम्ही ज्याला मत दिलं तो नक्की कोणत्या पक्षाचा, त्याची आमदारकी राहते की जाते, हे ठरवणारा माणूस ३ जुलैला त्या खुर्चीवर बसला. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं की अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच घ्यायचा. पुढे मुदतही घालून दिली, ती वाढवली, आणि १० जानेवारी २०२४ ला नार्वेकर यांनी निकाल वाचला. शिंदे यांची शिवसेना हीच खरी शिवसेना आणि दोन्ही बाजूंचं कोणीच अपात्र नाही. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एका घरी फटाके आणि समोरच्या घरी टीव्ही बंद. तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आमच्या शेजारणीने मला विचारलं, "बाई, ह्या मानसाले जज कोनं केलं?" तिला नियम ६ आणि ७ माहीत नव्हते. पण प्रश्न तिने बरोबर विचारला होता.

तुम्ही म्हणाल, मग बाईंना गुप्त मतदान हवंय तर. नाही हो. उलट मला वाटतं, आमदाराचं मत उघडच असावं. गुप्तता ही माझ्यासारख्या मतदाराला, कारण माझ्यावर सावकार, मालक, नवरा, कोणीही दडपण आणू शकतो. आमदार तिथे स्वतःसाठी बसलेला नाही. माझ्या वतीने तो कोणाला निवडतो हे मला दिसायलाच हवं. म्हणजे आघाडीने केलेला मुख्य बदल, हेतू काहीही असो, मला पटतो.

मला खटकतं ते दुसरंच. नियम बदलायचे तर सदस्यांना हरकती आणि सूचना द्यायला दहा दिवस मिळायचे. २०२१ च्या डिसेंबरात त्या दहा दिवसांचा एक दिवस केला. एक! चिठ्ठी की आवाज यावर महिना-दीड महिना रणकंदन झालं, पेपरांचे मथळे झाले, कोर्टकचेरी झाली. दहाचा एक झाला तो याचिकेत मुद्दा म्हणून आला खरा, पण त्यावर गल्लीत, एस. टी. त, चहाच्या टपरीवर मी कोणाला बोलताना ऐकलं नाही. भाच्याच्या ऑफिसात तीसचे दोन तास झाले तसंच हे. आणि माझ्या मते खरी चोरी तिथेच होते. मत कसं द्यायचं हे बदललं तर पुढचा येऊन परत बदलू शकतो. पण 'थांबा, मला काहीतरी सांगायचंय' म्हणायची मुदत एकदा आखडली की ती परत लांबवणारा कोणी भेटत नाही. सत्तेवर आलेल्या कोणालाच ती लांब नको असते. नव्या सरकारला गुप्त मतदान परत आणता आलं असतं, त्यांनी आणलं नाही. मुदतीचं तर नावही निघालं नाही.

आणि जिथे मुदतच नाही अशाही नेमणुका आहेत. विधान परिषदेवर राज्यपाल बारा जण नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यातली जाणकार माणसं असावीत असं घटना म्हणते. गदिमा होते त्यात, ना. धों. महानोर होते. ही नावं सभागृहापुढे येत नाहीत, चर्चा नाही, मतदान नाही. आघाडी सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये बारा नावं पाठवली, ती राजभवनात पडून राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे. तरीही काही हललं नाही. शिंदे सरकारने २०२२ मध्ये ती यादी मागे घेतली. मग १५ ऑक्टोबर २०२४ ला सात जणांचा शपथविधी उरकला, आणि त्याच दिवशी निवडणूक आयोगाने विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या. चार वर्षं थांबलेलं काम आचारसंहिता लागायच्या काही तास आधी झालं.

त्या सातांत पोहरादेवीचे महंत बाबूसिंग महाराज राठोड आहेत. पोहरादेवी आमच्या शेजारची, जिल्हा वाशीम असला तरी वाट आमच्या पायाखालची. रामनवमीच्या यात्रेला इकडचे तांडेच्या तांडे तिकडे लोटतात. दहाच दिवस आधी, ५ ऑक्टोबरला, पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं होतं. बंजारा समाजाला परिषदेत जागा मिळाली याचा आनंद मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पाहिला आणि मला तो खराच वाटला. ज्या भागाने वसंतराव नाईक दिले त्या भागाला एका जागेचं अप्रूप वाटावं, हेही काही कमी बोलकं नाही. पण माझ्या मनात आलं, हे नाव आणि बाकीची सहा नावं सभागृहात आली असती, कोणी उभं राहून सांगितलं असतं की ही माणसं का, यांनी काय काम केलंय, आणि दुसऱ्या कोणी विचारलं असतं की लेखक कुठे आहे, शास्त्रज्ञ कुठे आहे... तर महाराजांचा मान कमी झाला असता का? मला तरी वाटतं वाढला असता. आता काय झालं, तर विरोधकांना सगळेच सात जण एका पिशवीत घालून 'राजकीय सोय' म्हणून टाकता आले. गठ्ठ्यात माणूस दिसत नाही.

इथपर्यंत ज्यांनी वाचलं त्यांना आता घरातली गोष्ट सांगते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी फोन करू नये, मी उचलणार नाही.

आमचं एक वाचनालय आहे. कार्यकारिणी अकरा जणांची, त्यात अस्मादिक एक. अध्यक्ष आमचे भासरे, म्हणजे पुण्याकडच्या भाषेत थोरले दीर. संस्थेची एक घटना आहे आणि ती इतर घटनांसारखीच कपाटात असते. तीत असं आहे की ग्रंथपाल किंवा स्वीकृत सदस्य नेमायचा असेल तर नाव सात दिवस दारातल्या फळ्यावर लावायचं, कोणाची हरकत असेल तर लेखी घ्यायची, आणि मग चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आता दादाजींनी (आम्ही भासऱ्यांना दादाजी म्हणतो) दुरुस्ती आणली आहे. नाव सभेतच मांडायचं, हात वर करून तिथल्या तिथे मंजूर. कारण अनुदानाचे कागद वेळेत जात नाहीत, आणि चिठ्ठ्यांमध्ये 'लोक तोंडावर एक अन् मागे एक करतात'. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाचनालयासाठी दादाजींनी स्वतःच्या खिशातून काय काय केलंय ते मला माहीत आहे. या माणसाला त्यातून काही मिळवायचं नाही.

पण मागच्या वर्षी ग्रंथपालाची जागा भरायची होती तेव्हा दादाजींनी एका ओळखीच्या मुलाचं नाव सुचवलं. मुलगा चांगला, कामसू. नाव फळ्यावर लागलं. पाचव्या दिवशी रोज सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या एका आजोबांनी चिठ्ठी लिहून दिली की या मुलाचा ग्रंथपालाच्या परीक्षेचा निकाल अजून लागायचा आहे. विचारलं तर खरंच तसं होतं. त्यालाही वाटलं होतं की तोपर्यंत लागेल. शेवटी ज्या मुलीकडे प्रमाणपत्र हातात होतं तिची नेमणूक झाली. दादाजींना ते लागलं. आजोबांचा राग नाही आला, पण चार लोकांत आपण सुचवलेलं नाव पडलं हे लागलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं.

तर प्रश्न असा की मी काय करायचं. चिठ्ठी असती तर सोपं होतं, घडी घालून टाकली की झालं. पण मघाशी मोठ्या तोंडाने लिहून बसले ना, की प्रतिनिधीचं मत उघडच हवं म्हणून! कार्यकारिणीत मला वाचनालयाच्या सभासदांनी निवडून पाठवलंय. तेव्हा हात वर करायच्या पद्धतीला मी विरोध करणार नाही. भासऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदर आणि वर केलेला हात दोन्ही सांभाळत मत द्यायचं ही कल्पनाच आमच्या ह्यांना सहन होत नाहीये. "अगं, आपल्याला दिवाळीला त्यांच्याच घरी जेवायला बसायचंय," इति हे. बसू की. गेली अठ्ठावीस वर्षं बसतोय.

सात दिवस मात्र मी सोडणार नाही. त्यावर परवा अंगणात दादाजींशी बोलणंही झालं. ते झोपाळ्यावर, मी पायरीवर.

"मास्तरीनबाई," ते म्हणाले (रागावले की मला मास्तरीनबाई म्हणतात, एरवी नावाने), "सात दिवसांत काय होते सांगा? ज्याले बोंबलाचं हाये तो आठव्या दिवशीबी बोंबलते."

"पण दादाजी, ज्याले चूक दाखवाची हाये त्याले फळ्यापाशी याले तरी वेळ पाह्यजे ना."

ते काही बोलले नाहीत. झोपाळा मात्र थांबला. मग म्हणाले, "चार दिवस करा."

"सात."

"तुमी लेखी द्या. सभेपुढं ठेवतो." आणि आत वळून वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

मी लेखी दिलंय. एका ओळीची दुरुस्ती: मतदान हात वर करून व्हावं, पण नाव सात दिवस फळ्यावर राहावं आणि आलेली प्रत्येक हरकत सभेत वाचून दाखवावी. दादाजींनी पोच दिली, सहीनिशी, शिक्क्यासकट. तारीख घालायची तेवढी राहिली होती, ती मी त्यांच्या समोर उभं राहून घालून घेतली.